कुंडीखालचा बोळा

कुंडीखालची ताटली कोरडी होती. झालं एवढंच. धम्मानंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "बरं मग?" नांदेडचा माणूस. गोदावरीच्या काठावर जन्मलेल्याला ताटली ओली काय आणि कोरडी काय. पण मी लातूरची. पाणी कुठून आलं, कुठं मुरलं, कुठं सांडलं याचा माग माझं डोकं मी न सांगता काढत असतं, आंघोळ करतानासुद्धा. आई रोज सकाळी त्या कढीपत्त्याला तांब्याभर पाणी घालते, ऊन उतरलं की आणखी थोडं. मग खालून थोडं तरी यायला नको? रविवारी मी गॅलरी झाडत होते. झाडता झाडता वाकले, लोखंडी स्टँडखालून हात घातला आणि कुंडीच्या भोकात बोट घालून बघितलं. बोट आत गेलंच नाही. काहीतरी बुळबुळीत, गच्च बसलेलं. जरासं ओढलं तर चिंधीचं टोक हातात आलं. हिरवी चिंधी. आईच्या झंपराची, मी ओळखते ते झंपर, माझ्या लग्नात शिवलेलं. आत प्लास्टिकची पिशवी, वरून चिंधी आवळलेली, असा अंगठ्याएवढा बोळा करून कुणीतरी भोकात ठासला होता. कुणीतरी म्हणजे काय, घरात माणसं तीन.

"काय करायलीस गं तिथं?" आईनं आतून विचारलं. ती हॉलमध्ये मेथी निवडत बसली होती.

"काही नाही. मुंग्या झाल्यात," मी म्हणाले, आणि ते टोक बोटानं परत आत सारलं. का सारलं? मला विचारू नका, मी स्वतःलाच अजून नीट विचारलेलं नाही. मग बेसिनवर हात धुतले. काळा चिखल नखांत जाऊन बसला होता, वास तर असा की नाल्याकाठी उभं राहावं. साबण दोनदा लावला. आई मेथीची काडी हातात धरून माझ्याकडे बघत होती, की टीव्हीकडे, लक्षात नाही आलं.

आता या झाडाचं असं आहे की ते नुसतं झाड नाही, ती पैज आहे. आई लातूरला एकटी राहायची. अण्णा गेले तेव्हापासून एकटीच, आणि एकटी राहायचं तिला काही वाटत नव्हतं, वाटायचं ते मला. हिवाळ्यात नळाला पाणी आलं त्या पहाटे हंडा उचलताना ओट्यावर पाय घसरून पडली. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. शेजारच्या कस्तुराबाई आल्या म्हणून कळलं, नाहीतर नळ वाहतोय आणि बाई पडलीये, असाच किती वेळ गेला असता कोण जाणे. आणि पहिलं वाक्य काय, तर "कस्तुरा, आधी नळ बंद कर." मी गाडी करून गेले आणि तिला आणलं. आणलं म्हणजे भांडून आणलं. निघताना दारात बसकण मारली तिनं. म्हणाली, माझा गोडलिंब संगं घेत असशील तर येते. गोडलिंब म्हणजे हाच कढीपत्ता, अंगणात फुटक्या निळ्या बॅरलमध्ये लावलेला, गल्लीतल्या सगळ्या फोडण्या त्याच्या जिवावर. बॅरल गाडीत मावेना तेव्हा ड्रायव्हरनं कोयत्यानं ते उभं चिरलं आणि झाड मातीच्या गड्ड्यासकट पोत्यात बांधलं. आई गाडीत बसली, काच खाली केली आणि अख्ख्या गल्लीदेखत म्हणाली, "हे झाड तिथं लागलं तर राहीन. न्हाई लागलं तर लुंबिनी मला परत आणून घालंल. ऐकलं का गं कस्तुरा?" कस्तुराबाई म्हणाल्या, "ऐकलं." म्हणजे साक्षीदारसुद्धा झाला. मी म्हटलं हो. तेव्हा मी काहीही म्हटलं असतं, पायाला पाय लागेपर्यंत गल्ली गोळा झालेली.

मग सुरू झालं कुंडीपुराण. माझ्या मनात होतं, आईला छान काहीतरी आणावं. वर्कशॉप कॉर्नरच्या दुकानातून मी पांढरी चिनी मातीची आणली, वरती निळी वेल. आईनं ती उलटी करून बघितली आणि हसली. "नाकापेक्षा मोती जड. अन् भोक कुठाय ह्याला? लोणचं घालायचंय का?" ती परत गेली. प्लास्टिकची आणली तर म्हणे उन्हानं तडकतंय, चार महिन्यांत काठ हातात येतो. सिमेंटची धम्मानंदला नको होती. गॅलरीचा स्लॅब, वजन, खालचे भिसे, असं बरंच बोलला तो. शेवटी आई स्वतः आली, गळ्यात हात बांधलेला तशी, तरोडा नाक्याच्या पुढं व्यंकटची नर्सरी आहे तिथं. माठ घेताना वाजवतात तशी एकेक मातीची कुंडी बोटाच्या पेरानं वाजवून बघितली तिनं. बद्द वाजली की पुढची. व्यंकट देगलूरकडचा, बोलण्यात अर्धं तेलुगू, त्याची तर करमणूक झाली. "अम्मा, झाड लावायलात का भजन करायलात?" आईनं एक खणखणीत वाजणारी निवडली आणि म्हणाली, "ही श्वास घेते." मला किती बरं वाटलं होतं! आपल्या घरातली एक तरी वस्तू तिनं निवडली. लुगडी अजून पिशवीतच होती तिची, कपाट रिकामं करून दिलं तरी.

बोळा सापडला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हसू आलं. म्हटलं, लातूर काही जात नाही बाई हिच्यातून. पाणी खालून वाहून चाललंय हे तिच्यानं बघवलं नसणार. आमच्या लातूरच्या घरात माणसं तीन आणि भांडी तीनशे. कोठी, बॅरल, हंडे, कळशा, टोप, आणि कशात काही नसलं तर पूजेचं नाही पण पाहुण्यांचं म्हणून ठेवलेलं पितळी घंगाळ. पाणी आठवड्याला, कधी त्याहून उशिरा, आणि ते यायचं तेव्हा कुठलं भांडं आधी भरायचं याचा क्रम आईच्या तोंडपाठ. भांड्याला भोक पडलं तर घरात सुतक पडल्यासारखं व्हायचं, डांबर लाव, मेण लाव. याच्या मागंही एक गोष्ट आहे. आई रेणापूरच्या बाजूच्या खेड्यातली. तिच्या लहानपणी विहिरीवर आपल्या लोकांनी चढायचं नाही, कडेला कळशी ठेवून उभं राहायचं. कुणाला वाटलं तर तो वरून ओतणार, लांबून, धार इकडेतिकडे. निम्मं पायावर सांडायचं. आजी म्हणायची, कळशीचं तोंड मोठं घ्यावं. आईनं लातूरला घर बांधलं तेव्हा आधी हौद बांधला, मग भिंती. आपलं भांडं, आपलं पाणी, वरून ओतणारा कुणी नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलंय, तेसुद्धा हौद घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. तेव्हा अशा बाईनं कुंडीचं भोक बुजवलं तर त्यात नवल ते काय? संध्याकाळी सांगू, समजावून सांगू, हसत हसत सांगू, असं मी ठरवलं.

संध्याकाळी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही. पानं पिवळी पडून गळत होती, मी ती सुपलीत भरून टाकत होते, आणि माझ्या तोंडाला कुलूप. आणि खरं सांगायचं तर, आता लपवून काय उपयोग, मला हलकं वाटत होतं. आई आल्यापासून पहिल्यांदा हलकं. झाड मरणार. झाड मेलं की आई म्हणेल, चल, घाल मला परत. मी थोडं रडेन, थोडं समजावीन, मग गाडी करीन. माझा दोष नाही, तिचा नाही, झाडाचा. आणि मग माझ्या घरातली बादली मला रिकामी दिसेल! तुम्हाला कळणार नाही, चोवीस तास पाणी असलेल्या घरात एका बाईनं सगळ्या बादल्या, कुकर, पातेली, थर्मास, पुण्याला शिकायला गेलेल्या पोरीच्या शाळेच्या वॉटरबॅगासुद्धा भरून ठेवल्या की काय होतं. चहाला पातेलं हवं तर त्यातलं पाणी आधी दुसऱ्यात, त्यातलं तिसऱ्यात. मी भांडी घासताना ती मागून येऊन नळ बारीक करते. मी बारीक केलेलाच असतो, ती आणखी बारीक करते. कुठं चाललीस, कुणाचा फोन होता, एवढं मीठ का, धम्मानंदराव वाळले का. पन्नाशीला आलेली बाई मी, कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळते, माझ्या सहीशिवाय निकाल लागत नाही, आणि घरात शिरले की मी पुन्हा नववीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि यातलं काही बोलायची सोय नाही, कारण आई आहे, पडलेली आहे, एकटी आहे. आणि माझा जीव आहे तिच्यावर, तोही खोटा नाही. तेच तर अवघड आहे. नुसता त्रास असता तर माणूस निवांत झाला असता.

तिचंही काही बरं चाललं नव्हतं. दिसत होतं मला. चौथ्या मजल्यावरून तिला माणसांची फक्त डोकी दिसायची. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की ती हात जोडून "जयभीम" म्हणायची, माणसं दचकून हसायची आणि मोबाईलमध्ये बघायची. एकदा मला म्हणाली, "इथं पाण्याची येळच न्हाई गं." मी म्हटलं, बरंच आहे की. मला उशिरा कळलं ती काय म्हणत होती. लातूरला पाणी आलं की गल्ली बाहेर यायची. कुणाचा पाइप, कुणाची मोटार, कुणाची भांडणं, आणि मधोमध आई, गल्लीची सरजाबाई, कमरेवर हात ठेवून कुणाचं आधी ते सांगणार. पाणी आलं की माणसं यायची. इथं नळ सोडला की पाणी, बंद केला की बंद, त्यात माणसाचं काही काम नाही. ती खुर्ची ओढून गॅलरीत बसायची, झाडाशेजारी, आणि दोघंही वाळत होती.

बुधवार उजाडला. सकाळपासून माझं ऑफिसात लक्ष नव्हतं. गुणपत्रिका समोर, आकडे नाचतायत. आमच्या खिडकीबाहेर एसीची नळी गळते, तिच्याखाली कुणीतरी बादली लावून ठेवलीये, आणि ती भरली की त्याच पाण्यानं जिना पुसतात. थेंब पडत होते, टप, टप, मी बघत होते, आणि एकदम मला घमेलं दिसलं. लातूरचं. अंगणातलं. निळ्या बॅरलखालचं घमेलं! रेल्वेनं पाणी आलं होतं आम्हाला त्या साली, तेव्हा मी रजा घेऊन आईकडं जात होते, इथून कॅन भरभरून नेत होते. माणसं पाण्यावाचून, आणि आई झाड जगवत होती. आंघोळ परातीत बसून करायची, ते पाणी गाळून झाडाला. बॅरल बुडाशी तडकलेलं होतं, त्यातून ते हळूहळू खाली यायचं, खाली दोन विटांमध्ये घमेलं. घमेल्यात जमलेलं पुन्हा वरून झाडाला. दिवसभर हाच उद्योग. मी वैतागून म्हटलं होतं, अगं ती चीरच बुजवून टाक की, डांबर आहे ना घरात. त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी अजून विसरले नाही. म्हणाली, "शिकलीस ती काय? बुडाला भोक न्हाई ठिवलं तर मुळं गुदमरत्यात. पानी न्हाई म्हणून मरायचं ते वायलं, अन् पान्यात बसून कुजायचं वायलं."

आकडे नाचायचे थांबले. हिला ठाऊक आहे. हिला माझ्याहून, व्यंकटहून, सगळ्या जगाहून जास्त ठाऊक आहे. ज्या बाईनं तहानलेल्या गावात भोक उघडं ठेवलं, ती पाण्यानं भरलेल्या नांदेडात ते बुजवील? पाणी वाचवायला? ताटली होती की खाली! मुद्दाम. मुद्दाम मारतीये झाड. स्वतःचं. पोरासारखं वाढवलेलं. माझ्यापासून सुटायला. आधी राग आला, असा की हातातला पेन मी टेबलावर आपटला आणि पलीकडच्या शिल्पा मॅडम म्हणाल्या, "काय झालं हो?" काही नाही म्हटलं. एवढी नकोशी झाले मी? पोरीची खोली दिली, खाट दिली, दोन-दोन डॉक्टर केले, आणि ही चिंध्या आवळत बसलीये? मग त्या रागाच्याच बुडातून दुसरं वर आलं. तू काय करत होतीस बाई, रविवारपासून? तिनं बोळा घातला, आणि तू तो परत आत सारलास. दोघींनी मिळून मारलं की. मला बसवेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाहेर पडले.

सरळ घरी जायचं की नाही? नाही गेले. रिक्षा केली आणि व्यंकटकडं गेले, आणि का गेले तर नवी कुंडी घ्यायला. आता हसू येतं. ऊन मी म्हणत होतं, नर्सरीतली हिरवी जाळी, ओल्या मातीचा वास, आणि मी रांगेनं ठेवलेल्या कुंड्या उलट्या करकरून त्यांची बुडं बघतेय. व्यंकट म्हणाला, "ताई, काय शोधायलात?"

"भोकं. जास्त भोकं असलेली कुंडी दे. मोठी भोकं."

"अय्यो! सगळी दुनिया बिनभोकाची मागायली, फरशी घाण होते म्हणून. तुम्ही पहिल्याच. अम्माच्या झाडाला काय झालं?"

"काही नाही."

"अम्मा बऱ्या हायत ना?"

"आहेत रे बाबा, दे लवकर." एवढ्या प्रश्नाला माझे डोळे का भरून यावेत? त्यानं एक थोराड मातीची कुंडी काढून दिली, बुडाला तीन भोकं. मी ती वाजवूनसुद्धा बघितली नाही. रिक्षात मांडीवर घेऊन बसले. मांडी लाल झाली, साडीला माती लागली, आणि रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. आई, हे झाड नव्या कुंडीत लावू. आई, जुनीत काहीतरी दोष होता. म्हणजे बोळ्याचं नाव नाही, कुणाचं नाव नाही. व्वा! काय अक्कल. कुंडी बदलली की सगळं सुटणार होतं.

आईनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, कुंडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "एवढ्या लौकर? बरं न्हाई का?"

"झाड हलवू या यात," मी म्हणाले आणि तशीच गॅलरीत गेले. तिन्हीसांजेला अजून वेळ होता, ऊन भिंतीवर चढलं होतं. झाडाला आता मोजकी पानं, तीही लोंबलेली. आई मागून आली, कठडा धरून खुर्चीत बसली.

"जुनीला काय झालं? ती तर चांगली वाजती."

मी कुंडी खाली ठेवली. जुळवलेलं एकही वाक्य तोंडात राहिलं नव्हतं. "तू बोळा मुद्दाम घातलास," मी म्हणाले.

"हाव," आई म्हणाली.

एवढंच. मी भांडणाची तयारी करून आलेली, आणि ही हाव म्हणून मोकळी. "का पण? इतकी नको झाले तुला मी?"

"तसं न्हाई." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कोन्त्या तोंडानं म्हणू जाते म्हणून? तू गाडी करून आणलंस. जावई रोज पेपर वाचून दावतेत. दुखलं-खुपलं बघतेत. एवढं करनाऱ्याला न्हाई म्हणलं तर माणसाची जात ती काय? झाड मेलं असतं तर बोल झाडावर गेला असता. तुझ्यावर न्हाई, माझ्यावर न्हाई."

शब्दन्‌शब्द माझाच. मी रविवारपासून हेच घोकत होते. "मला सांगायचं नाहीस? मला आज कळलं—"

"आज न्हाई," आई म्हणाली. "ऐतवारी. ऐतवारी तुझी बोटं काळी झालती. दोनदा साबण लावलास." ती माझ्याकडं बघत नव्हती, झाडाकडं बघत होती. "मी म्हणलं, बरं झालं, घावलं हिला. आता काढंल बोळा. आता वरडंल माझ्यावर, काय गं म्हातारे, डोकं फिरलं का म्हणून. लई वाट बघितली मी. सोमवार गेला. मंगळवार गेला. रोज खाली हात घालून बघायचे, बोळा हाय तिथंच. मग म्हणलं, चला. पोरीलाबी तेच पायजे."

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. मला बोलायचं होतं की नाही, तसं नाही, मी विसरले, मी कामात होते. पण जी बाई माझ्या नखांतली माती बघू शकते तिच्यापुढं काय खोटं बोलायचं? "हो," मी म्हणाले. "मलाही तेच वाटलं. मला त्रास होतो आई तुझा. बादल्या भरून ठेवतेस, नळ बारीक करतेस, माझ्या घरात मला श्वास घेता येत नाही." आणि मग मला रडू फुटलं, लहान मुलासारखं, नाक गळत. "पण तू तिथं पडलीस, नळ वाहत होता, आणि मी इथं झोपले होते. ते काय करू मी? ते मला रोज दिसतं. जाऊ नको."

आईनं पदराचं टोक माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "आत्ता कसं बोललीस." आणि थोड्या वेळानं, "मलाबी होतोय तुझा तरास. लई. एवढीशी भाकर वाढतीस, अन् वर इचारतीस, झालं का." मला रडता रडता हसू आलं. तीही हसली, टाक्यांची खूण हसताना वर जाते तिची. "बस आता गळायचं. काढ तो बोळा. जा, आधी परात आण. घमेलं तर ठिवलंच न्हाईस घरात."

मी परात आणली, मी खाली बसले, ती खुर्चीतून वाकली, आणि मी चिंधी धरून ओढली. आधी येईना. मग बोळा सुटला आणि काळं पाणी भळकन परातीत आलं, घाण वासाचं, किती वेळ येतच राहिलं. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. मुळं बहुतेक काळी, हात लावला की साल हातात. आईनं ती पेरापेरानं चाचपली, एका हातानं, दुसरं मनगट अजून धरतं तिचं. काळी ती मी कात्रीनं कापत गेले, ती म्हणेल तिथं. मधोमध काही पांढरी निघाली, थोडी, सुतळीएवढी. "पुरे एवढी," ती म्हणाली. कुंडी घासून वाळवली, कोरडी माती, विटेचा चुरा, झाड पुन्हा त्याच खणखणीत कुंडीत. राहिलेली पानं तिनं सगळी ओरबाडून घेतली. मी म्हटलं, अगं, तेवढीच तर आहेत! "मुळं न्हाईत अन् पानांचा बारदाना कशाला? झेपंल तेवढंच ठिवावं माणसानं." त्या पानांची फोडणी वरणाला दिली. धम्मानंद दारातच म्हणाला, "आज काय वास सुटलाय!" त्याला कुणी काही सांगितलं नाही. आणि माझी नवी तीन भोकांची कुंडी? त्यात कांदे ठेवलेत. हवा लागते, कोंब येत नाहीत, आई म्हणते, बरी आणलीस.

पण पैज मोडली का? नाही ना. ती कुणी मोडली असं म्हणालंच नाही. झोपताना मी हळूच विचारलं, "लागेल का गं?" ती म्हणाली, "बघू. गोडलिंब चिवट असतोय. न्हाई लागलं तर जाते, आता सांगून जाते." तिची पिशवी अजून खाटेखालीच. मग दिवस नुसती काडी बघण्यात गेले. एक काटकी, कुंडीत उभी, तिला मी सकाळी बघायचे, ऑफिसातून आल्यावर चप्पल न काढता बघायचे. कधी वाटायचं, लागू दे. कधी नळ बारीक झाला की वाटायचं, जाऊ दे. दिवसातून दहा वेळा पलटायचं मन, आणि मला काही कळेना की माझं खरं कोणतं. एकदा नखानं साल खरवडून बघितली, आत हिरवं की पांढरं नीट दिसेना, आणि आईनं आतून हाक मारली, "खरडू नको, मरंल." आई रोज थोडं पाणी घालायची, ते खाली यायचं, घमेल्यात जमायचं. घमेलं मी आणलं, वजिराबादेतून, लोखंडी. मी रोज पाणी पडलं की खाली बोट घालून बघायचे, भोक मोकळं आहे ना. मोकळं असायचं. बोट काळं व्हायचं, आई बघायची. मी हात धुवायची घाई करत नव्हते.

आणि आज सकाळी दूध तापत ठेवून मी गॅलरीत गेले. आई आतल्या खोलीत होती. काडीला, अगदी बुडाशी, मातीला लागून, लालसर टोक. मी खाली बसले. मुंगी असेल म्हणून फुंकर घातली. हललं नाही. काडेपेटीतल्या डोकं मोडलेल्या काडीएवढं, तांबूस, वरती दोन पानांची घडी. आता काय करायचं? सांगायचं की नाही, कसं सांगायचं, सांगितलं तर ती राहील, राहिली तर बादल्या, हे सगळं मला नंतर सुचलं. कारण तोवर मी ओरडले होते. "आईऽऽ! लागलं गं! आई, लागलंऽ!" असा आवाज माझा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. दूध उतू गेल्याचा वास आला. धम्मानंद तोंडात ब्रश घेऊन पळत आला.

आई शेवटी आली, पदर खोचत, सावकाश. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं, त्याहून जास्त वेळ.

"एवढं वरडायला काय झालं गं?" ती म्हणाली. "भैरी हाय का मी?"

आणि घमेलं उचलून त्यातलं पाणी तिनं हळूहळू परत झाडाला घातलं.